वंश आणि वाट्याला आलेले : भोपाळच्या समाजगटांचा तौलनिक विचार

काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या प्रवेशसमितीत बसण्याचा प्रसंग आम्हांवर आला होता. अर्जांच्या दोन चळती समोर होत्या. एकीत शहरातील कारकून व दुकानदार कुटुंबांतील मुलांचे अर्ज होते, तर दुसरीत नर्मदेकडील खेड्यांतून आलेल्या गोंड मुलांचे. गुणपत्रिका चाळता चाळता समितीतील एक अनुभवी गृहस्थ सहज बोलून गेले, की या मुलांच्या रक्तातच गणित नाही. त्यांना एखादे हातकाम शिकवलेले बरे. बोलण्यात द्वेष नव्हता, उलट एक प्रकारची कणवच होती. त्यांना कोणीही हरकत घेतली नाही. आम्हीही घेतली नाही. मान हलवली आणि पुढचा कागद हाती घेतला.

प्रस्तुत लेखाचे मूळ त्या मान हलवण्यात आहे. एकाच शहरात राहणाऱ्या निरनिराळ्या वंशांच्या लोकांची शिक्षणात, धंद्यात, घरादारात सारखी प्रगती होत नाही, ही गोष्ट कोणालाही दिसते. ती नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो तिच्या कारणाचा. पुढील काळात हा प्रश्न अधिक तीव्रतेने आपणांपुढे येईल, कारण आगामी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०२५ मध्ये जाहीर केला आहे. १९३१ नंतर अशी सर्वंकष नोंद जनगणनेच्या कोष्टकांतून प्रसिद्ध झालेली नाही. ते आकडे छापून आले म्हणजे अमुक लोक पुढे का आणि तमुक मागे का, याची चर्चा गावोगाव होईल आणि धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना लोक त्याबद्दल विचारतील. तेव्हा काय उत्तर द्यावे, याचा विचार आम्ही ज्या शहरात सेवा करतो त्या भोपाळच्या इतिहासाच्या आधारे येथे करीत आहोत.

१. गोंड

आरंभ गोंडांपासून करणे क्रमप्राप्त आहे, कारण या भूमीवरील सत्ता प्रथम त्यांची होती. अठराव्या शतकाच्या आरंभी भोपाळ हे तलावाकाठचे लहानसे गाव गिन्नोरगडच्या गोंड राज्यात मोडत असे. तेथील राजा निजामशाह याची विधवा राणी कमलापती हिने पतीच्या खुनाचा सूड घेण्यासाठी दोस्त मोहम्मद खान या पठाण सरदाराची मदत घेतली आणि ठरलेल्या रकमेचा काही भाग देता न आल्याने भोपाळ गाव त्याला दिले, अशी परंपरा सांगते. राणीच्या मृत्यूनंतर गिन्नोरगडही त्याच्याकडे गेले. याच सुमारास दक्षिणेकडे व पूर्वेकडे देवगड, चांदा आणि गढा-मंडला ही गोंडांची राज्ये होती. आज महाराष्ट्राची उपराजधानी म्हणून मिरवणारे नागपूर देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने वसवले, हे मराठी वाचकांनी विसरू नये. या राज्यांपैकी बहुतेकांचा अंत अठराव्या शतकात मराठ्यांच्या हातून झाला, हेही विसरू नये.

राज्य गेले तरी जमीन व जंगल काही काळ राहिले. ते कसे गेले, हे पाहण्यासाठी नर्मदेच्या दक्षिणेकडील इंग्रजी मध्यप्रांताकडे वळावे लागते. तेथे १८६० च्या दशकातील जमाबंदीत सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना जमिनीची मालकी देण्यात आली. ज्याला लिहिता-वाचता येत होते आणि ज्याच्याजवळ रोख पैसा होता, तो मालक झाला. कसणारा गोंड कूळ झाला, पुढे कर्जदार झाला आणि शेवटी मजूर झाला. १८६५, १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी जंगलावरील त्याचा हक्क परवान्यावर आणून ठेवला. आदिवासींची जमीन सावकारांकडे इतक्या वेगाने जात होती की, १९१६ मध्ये खुद्द इंग्रज सरकारलाच ती थांबविण्यासाठी मध्यप्रांतात स्वतंत्र कायदा करावा लागला. योगायोग असा, की त्याच वर्षी रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या पठडीच्या ग्रंथांत प्रत्येक जमातीच्या स्वभावाचे वर्णन असे, जणू काही दारिद्र्य हा त्या स्वभावाचाच भाग होता. एका कचेरीत जमीन जाण्याची कारणे नोंदली जात होती आणि दुसरीकडे त्याच परिणामाला स्वभावाचे नाव दिले जात होते.

२०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशाची साक्षरता सुमारे ६९ टक्के, तर राज्यातील अनुसूचित जमातींची सुमारे ५१ टक्के नोंदली गेली. अंतर खरे आहे. परंतु ते मोजणाऱ्याने दीडशे वर्षांची ही हकीकत बाजूला ठेवली, तर आकडा खरा राहून अर्थ खोटा होतो. २०२१ मध्ये भोपाळच्या हबीबगंज रेल्वे स्थानकाला राणी कमलापतीचे नाव देण्यात आले. त्या स्थानकाबाहेर बांधकामाची मजुरी शोधणारे गोंड स्त्रीपुरुष दिसतात. ती राणी आणि हे मजूर यांचा वंश एकच आहे.

२. पठाण

दोस्त मोहम्मद खान हा ओरकझाई पठाण. औरंगजेबाच्या अखेरच्या वर्षांत तो सरहद्दीकडील तिराह प्रांतातून नोकरीच्या शोधात आला आणि १७२८ मध्ये मरण पावला तेव्हा एका राज्याचा धनी होता. त्याच्यामागून आलेल्या पठाण घराण्यांनी दोन शतके जमीन, फौज आणि कचेरी ताब्यात ठेवली. गवताच्या जातीचे बर्रू कापून ज्यांनी शहर वसवले ते आपण, अशा अर्थाने जुने भोपाळी स्वतःला अजूनही ‘बर्रूकाट’ म्हणवतात. १८१९ ते १९२६ या काळात चार बेगमांनी राज्याचा कारभार पाहिला. शाळा, रुग्णालये, छापखाने आणि मशिदी उभ्या राहिल्या. सिकंदर बेगमांच्या काळात फार्सीच्या जागी उर्दू ही दरबारची भाषा झाली आणि उर्दू जाणणाऱ्याला नोकरीची वाट मोकळी झाली.

मग ही वाट बंद झाली. १ जून १९४९ रोजी संस्थानाचा कारभार भारत सरकारने हाती घेतला. १९५३ मध्ये भोपाळ राज्यातील जहागिरी रद्द करणारा कायदा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी बनले आणि कचेरीची भाषा हिंदी झाली. दरम्यान अनेक सुस्थित कुटुंबे पाकिस्तानात गेली. नवाबांची थोरली कन्या आणि गादीची वारस आबिदा सुलतान यांनीही १९५० मध्ये कराची गाठली. जे राहिले त्यांच्यापाशी उर्दूचे उत्तम शिक्षण होते, पण त्या शिक्षणाला बाजार उरला नाही. जुन्या शहरातील एखाद्या गल्लीत आज जहागीरदाराचा पणतू गाडी दुरुस्तीचे दुकान चालवताना भेटतो. त्याच्या वंशात बदल झालेला नाही. बदलली ती भाषा, कायदा आणि राज्याची चौकट.

३. बूर्बों

ख्रिस्ती वाचकांना विशेष जवळचे वाटावे असे उदाहरण भोपाळच्या बूर्बों घराण्याचे आहे. फ्रान्सच्या राजघराण्यातील कोणी पुरुष अकबराच्या काळी हिंदुस्थानात आला आणि आपण त्याचे वंशज आहोत, अशी या घराण्याची परंपरागत श्रद्धा आहे. इतिहासकारांना ती सिद्ध करता आलेली नाही. निश्चित आहे ते एवढे, की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्वाल्हेरकडून हे ख्रिस्ती लष्करी घराणे भोपाळला आले. १८१२–१३ मध्ये शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याने भोपाळला वेढा घातला, तेव्हा वजीर मोहम्मद खानाच्या बाजूने लढणाऱ्यांत साल्व्हाडोर बूर्बों होते. त्यांच्यामागून बाल्थाझार बूर्बों, ज्यांना दरबारात शहजाद मसीह म्हणत, हे कुदसिया बेगमांच्या कारभारात मंत्रिपदापर्यंत चढले. त्यांची पत्नी इझाबेला ‘दुल्हन सरकार’ या नावाने ओळखली जाई. १८६० च्या दशकात भोपाळला आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने तिच्याविषयी आणि तिच्या आश्रयाने राहणाऱ्या ख्रिस्ती वस्तीविषयी आश्चर्याने लिहून ठेवले आहे. जहांगीराबाद भागातील जुने कॅथलिक मंदिर तिच्याच दानशूरतेतून उभे राहिले.

एका मुसलमान राज्यात ख्रिस्ती मंत्री, तोही पठाण सरदारांच्या बरोबरीने! हे युरोपीय रक्ताचे श्रेष्ठत्व, असे म्हणणारे त्या काळी अनेक होते. परंतु तेच रक्त पुढच्या पिढ्यांतही वाहत होते आणि वैभव मात्र ओसरत गेले, कारण ते दरबाराच्या मर्जीवर आणि जहागिरीवर उभे होते. संस्थान संपले तेव्हा त्याचा पायाच नाहीसा झाला. २००७ मध्ये या घराण्याच्या वंशजाची हकीकत जगभरच्या वृत्तपत्रांत आली. त्यांच्यापैकी काही विद्वानांच्या मते फ्रान्सच्या गादीवर ज्याचा सर्वांत जुना हक्क पोहोचू शकेल, तो पुरुष भोपाळमध्ये वकिली करीत होता. वकिली हा सन्मानाचा व्यवसाय आहे. पण तो त्यांनी शिक्षणाने मिळवला, वंशाने नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘मसीह’ हे नाव भोपाळच्या दरबारात मंत्र्याचे होते. पंजाबात तेच नाव प्रामुख्याने दलित ख्रिस्ती कुटुंबांचे आहे. एकच श्रद्धा, एकच नाव. पण एकाच्या पाठीशी जहागीर होती आणि दुसऱ्याच्या पाठीशी झाडू व अस्पृश्यता.

४. सिंधी

भोपाळच्या वायव्येस बैरागड ही लष्करी छावणी होती. दुसऱ्या महायुद्धात तेथे इटालियन युद्धकैदी ठेवलेले होते. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे उतरली. आज संत हिरदाराम नगर या नावाने ओळखली जाणारी ही वस्ती कापडाच्या घाऊक व्यापारासाठी प्रसिद्ध असून संत हिरदाराम यांच्या प्रेरणेने निघालेल्या शाळा व रुग्णालये तेथे आहेत. ‘रिकाम्या हाताने आले आणि पाहा कुठे पोहोचले’, असे उदाहरण देऊन इतर गरिबांना लाजवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. प्रवचनांतूनही ते ऐकू येते.

सिंधी समाजाच्या कष्टांविषयी व धैर्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि हात रिकामे होते, हे पूर्ण सत्य नव्हे. सिंधमधील हिंदूंमध्ये व्यापारी भाईबंद आणि कचेरीतील आमिल हे दोन मोठे वर्ग होते. हुंडी, उधारी, वहीखाते आणि दूरदूरच्या पेढ्यांशी पत्रव्यवहार हे ज्ञान त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होते. ते सरहद्दीवर कोणालाही जप्त करता आले नाही. दुसरे असे, की राज्य त्यांच्या पाठीशी उभे राहिले. विस्थापितांच्या मालमत्तेचे दावे नोंदण्यासाठी १९५० मध्ये आणि भरपाई व पुनर्वसनासाठी १९५४ मध्ये संसदेने कायदे केले. ज्याची सिंधमध्ये मालमत्ता होती त्याला दावा करता आला. जंगलातून हुसकलेल्या गोंडाला असा दावा मांडण्याची खिडकी त्या काळी कोठे होती?

यातून रक्ताच्या सिद्धान्ताइतकीच दुसरी एक चूकही टाळता येते. घरातील संस्कारांना, शिकवणुकीला, सवयींना काहीच महत्त्व नाही, असे आम्ही म्हणत नाही. त्यांचे महत्त्व मोठे आहे. परंतु वहीखाते लिहिण्याची कला जन्मतः येत नाही; ती शिकवावी लागते आणि म्हणून ती इतरांनाही शिकवता येते.

५. आपण मराठी माणसे

इतरांचे मोजमाप केल्यावर स्वतःचे टाळणे योग्य नव्हे. १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेनंतर तेथील सचिवालयातील अनेक मराठी कर्मचारी भोपाळला आले. ग्वाल्हेर व इंदूर या मराठी संस्थानांकडूनही आले. सरकारी वसाहतींत मराठी घरे सुस्थितीत दिसू लागली आणि मराठी माणूस मुळातच अभ्यासू, असे आपण म्हणू लागलो. वास्तविक जो शेतमजूर होता तो विदर्भातच राहिला. बदलीचा हुकूम कारकुनाला आला होता. आलेल्यांवरून साऱ्या जातकुळीचे अनुमान काढणे म्हणजे चाळणीच्या वर राहिलेले दाणे पाहून सगळ्या पोत्याची प्रत ठरवणे होय. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या अवजड विद्युत कारखान्यात केरळ, तामिळनाडू, बंगाल येथून आलेल्या तंत्रज्ञांविषयीही हेच म्हणावे लागते. केरळीय ख्रिस्ती परिचारिका व फिटर ज्या शाळांतून शिकून आले त्या शाळांचा इतिहास त्रावणकोरात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मागे जातो.

परदेशांकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. १८३४ पासून मॉरिशसमधील उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. अमेरिकेने १९६५ मध्ये आपला प्रवेशाचा कायदा बदलून शिक्षित व्यावसायिकांना दार उघडले, तेव्हा मराठी डॉक्टर व अभियंते तिकडे गेले. १९८० पासून अमेरिकेच्या जनगणनेत वंशमूळ विचारले जाऊ लागले आणि भारतीय वंशाचे लोक तेथे उत्पन्नात आघाडीवर दिसतात. मॉरिशसला गेलेल्यांच्या पहिल्या पिढ्यांनी मात्र मळ्यांवर अर्धपोटी दिवस काढले. दोन्ही माणसे एकाच किनाऱ्यावरून निघालेली असू शकतात. एकाला बंदरावर अंगठा उमटवावा लागला, दुसऱ्याला दूतावासात पदवीपत्र दाखवावे लागले.

६. वस्ती आणि कायदा

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या विषारी वायूने कोणाचा वंश विचारला नाही. पण पत्ता विचारला. कारखान्यासमोरील जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, चांदबड, रेल्वे वसाहत या वस्त्यांत तो प्रथम शिरला. स्वस्त जागा म्हणून तेथे राहणारे बहुसंख्य गरीब होते. नंतर शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग वायुग्रस्त ठरवण्यात आले. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली आणि ती माणशी वाटली जाताना किती तुटपुंजी ठरली, हे त्या वस्त्यांत सेवा केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. ज्यांची फुफ्फुसे त्या रात्री गेली त्यांना जड काम करता येईना. मुलांची शाळा सुटली. आज कोणी या शहरातील गटांच्या उत्पन्नाची तुलना करू लागला, तर तो नकळत त्या रात्रीच्या वाऱ्याची दिशाही मोजत असतो.

कायद्याचेही तसेच. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी भोपाळच्या पारधी वस्तीतील मुलाकडे पाहण्याची पोलिसांची आणि शेजाऱ्यांची नजर रद्द झाली नाही. आपल्या मंडळीतही कायद्याने दोन वाटा केल्या आहेत. अनुसूचित जमातीच्या माणसाने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली तरी त्याच्या सवलती कायम राहतात. दलिताच्या मात्र जातात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील ही अट १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी शिथिल झाली, ख्रिस्ती व मुसलमान दलितांसाठी झाली नाही. पुढे या दोन ख्रिस्ती गटांच्या स्थितीत फरक दिसला, तर त्याचे कारण रक्तात शोधायचे की त्या आदेशात?

७. आपले कर्तव्य

तुलना करूच नये, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. तुलनेशिवाय अन्याय दिसतच नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातील प्रसंग वाचकांना परिचित आहे. आद्य मंडळीत दररोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत असल्याची तक्रार आली. दोन गटांची ती तुलनाच होती. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही, आणि त्या विधवांच्या स्वभावाची चौकशीही केली नाही. त्यांनी वाटपाची चौकशी केली आणि ते काम सात जणांच्या हाती सोपवले. त्या सातांची नावे पाहिली तर ती सर्व ग्रीक आहेत.

याच वळणाने जाण्यास आपणांस काही कठीण नाही. एखाद्या गटाचे मागासलेपण समोर आले म्हणजे चार गोष्टी विचाराव्यात. हे लोक येथे कधी आणि कोणत्या परिस्थितीत आले? येताना त्यांच्यापाशी कोणते ज्ञान, जमीन वा भांडवल होते? राज्याने त्यांच्या बाबतीत कोणता कायदा केला किंवा केला नाही? आणि त्याच वंशाचे लोक दुसऱ्या परिस्थितीत कसे राहतात? या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ‘रक्त’ हा शब्द उच्चारू नये. उत्तरे मिळाल्यावर तो उच्चारण्याची गरज बहुधा राहत नाही. धर्मशिक्षकांनी शिफारसपत्र लिहिताना, पाळकांनी शाळेतील जागा वाटताना, मंडळीच्या समित्या निवडताना या प्रश्नांचा उपयोग करून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.

आरंभी सांगितलेल्या बैठकीनंतर काही महिन्यांनी त्या खेड्यांपैकी एका ठिकाणी जाण्याचा योग आला. शाळेची खोली पक्की होती, फळा होता. गणिताचे शिक्षक कधीपासून नाहीत, असे आम्ही विचारले. एका मुलीने बोटांवर मोजून सांगितले, चार वर्षे. हिशेब बरोबर होता. तो प्रश्न आम्ही प्रवेशसमितीत, अर्ज हातात असतानाच विचारावयास हवा होता.